काउंटर फूट मोजत नाही, वेढे मोजतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून क्लीव्हलँडला येऊन चार वर्षं झाली, यंदा १८ फुटी जुनी बोट घेतली, सोबतीला मेहुणा आहे, आणि लेक एरीवर वॉलआय माशासाठी ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासेमारी, करायची आहे. लाइन काउंटर रील, म्हणजे किती फूट दोरी सोडली ते दाखवणारं रील, कुठलं घ्यावं, किती घ्यावीत, आणि दुकानदार म्हणतो तसं सगळ्यात मोठं घेतलं तर पुढे सॅमनलाही तेच चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मोठं घेऊ नका. दुकानदार चुकीचं सांगत नाही, ४५ नंबरचं रील सॅमनला उत्तमच. पण वॉलआयसाठी ते उगाच जड, दिवसभर उचलून ठेवून मनगट भरून येतं. शिवाय एवढं मोठं स्पूल (दोरी गुंडाळायचं चाक) काठोकाठ भरायला लागणारा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, कोणी सहसा विकत घेत नाही. निम्मं भरून माणूस पाण्यावर जातो. आणि अर्धवट भरलेलं लाइन काउंटर रील चक्क खोटं बोलतं. ते का, हे आधी समजून घ्या. रीलचा आकार, तंगूस, जोडी, किंमत हे सगळं त्याच एका गोष्टीवर ठरतं.

मी दाभोळच्या खाडीकाठचा. गरवायला जाताना आजोबा दोरी वावेनं मोजायचे. दोन्ही हात फाकले की एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. "चार वाव" एवढंच ते पुटपुटले की होडीतले बाकीचे मुकाट्यानं आपापली दोरी चार वाव सोडत. मीही सोडायचो, आणि मला काही लागायचं नाही. दहा वर्षांच्या पोराची वाव ती केवढी! चार वाव मोजूनही माझी गरी त्यांच्या गरीपेक्षा पाच-सहा फूट वर लोंबकळत असायची. हे लक्षात यायला मला एक अख्खा पावसाळा लागला. लाइन काउंटर म्हणजे आजोबांची वावच, फक्त पितळी आणि प्लास्टिकच्या चाकांत बसवलेली. आणि तिची खोडही तीच: दोन रीलांची वाव सारखी असेलच असं नाही.

एरीवर हे एवढं महत्त्वाचं का, तर उन्हाळ्यात इथला वॉलआय बहुतेक वेळा तळाला बसलेला नसतो. पश्चिमेचा भाग, म्हणजे पोर्ट क्लिंटन, केलीज आयलंड, पुट-इन-बे या बाजूचं पाणी सरासरी २४ फूट. तिथे फार मोजामोज न करताही निभतं. पण तुम्ही क्लीव्हलँडहून निघणार, म्हणजे मधल्या भागात, जिथे सरासरी खोली ६० फुटांच्या आसपास. मासे ३० फुटांवर तरंगत असतात, वर ३० फूट पाणी, खाली ३० फूट पाणी. तुमचं आमिष त्यांच्या डोळ्यांसमोरून किंवा थोडं वरून गेलं पाहिजे. खालून गेलेल्या आमिषाकडे वॉलआय ढुंकूनही पाहत नाही, त्याची नजर वर असते. आणि ताशी दीड-दोन मैलांनी ओढलेला क्रँकबेट (मासोळीच्या आकाराचं नकली आमिष) किती खोल जाईल हे मुख्यतः दोनच गोष्टींवर ठरतं. मागे किती तंगूस सोडलाय आणि तो किती जाड आहे. जाड तंगुसाला पाण्याचा विरोध जास्त, म्हणून तो लूरला, म्हणजे नकली आमिषाला, वर धरून ठेवतो. बारीक ब्रेडवर, म्हणजे विणलेल्या दोरीवर, तोच लूर आणखी खोल जातो. कुठला लूर किती फुटांवर किती खोल जातो याचे तक्ते मिळतात, मोबाइलवरही असतात. त्या तक्त्यांचा उपयोग व्हायला मागे किती फूट आहे हे कळलं पाहिजे, म्हणून काउंटर.

आता मुख्य मुद्दा. रीलवरचं ते छोटं तीन आकडी यंत्र तंगुसाला शिवतसुद्धा नाही. ते स्पूलच्या दांड्याला दातेरी चाकांनी जोडलेलं असतं आणि स्पूल किती वेळा फिरलं तेवढंच त्याला कळतं. इतक्या फेऱ्यांना एक फूट असा हिशोब कारखान्यात एकदाच घालून दिलेला, तोही स्पूल काठोकाठ भरलंय असं धरून.

हे आकड्यांत पाहा. समजा भरलेल्या स्पूलचा व्यास ५० मिलीमीटर आहे. एका फेरीत सुमारे १५७ मिलीमीटर तंगूस सुटतो. आता तुम्ही कंजुषी केली आणि चहूबाजूंनी ५ मिलीमीटर कमी भरलं. व्यास राहिला ४०, एका फेरीत सुटतात जेमतेम १२६. काउंटर १०० दाखवतो तेव्हा पाण्यात असतात ८० फूट. वीस टक्क्यांचा खड्डा, आणि रील अगदी नवं, ठणठणीत, कुठलाही दोष नसलेलं. उलट काठोकाठ भरलेल्या त्याच स्पूलवरून ०.३५ मिलीमीटरचा तंगूस १०० फूट सोडला तर व्यास दीड मिलीमीटरच्या आसपास उतरतो. चूक एक-दोन टक्के, म्हणजे सोडून द्यावी अशी. ब्रेड आणखी बारीक, तिथे त्याहून कमी.

एका जूनमध्ये व्हर्मिलियनहून निघालो होतो. सकाळी सहा ते दहा डाव्या बाजूच्या गळांना आठ मासे, उजव्या बाजूला एक. लूर तेच, रंग तेच, काउंटर दोन्हीकडे ९०. मित्राने आधी लूर बदलले, मग बाजू बदलली, मग सूर्याला दोष दिला. दुपारी बोट ट्रेलरवर चढवल्यावर मी उजव्या बाजूचं रील हातात घेऊन नीट पाहिलं. आदल्या दोन फेऱ्यांत गुंता झाला म्हणून मी त्यावरचा बराच तंगूस कापून टाकला होता आणि वरून भरायचा आळस केला होता. पार्किंगमध्येच टेप पसरली. काउंटर ९०, टेप ७६. लूर दोन-अडीच फूट वरून फिरत होता. तेवढ्यासाठी मासे रुसतात का? त्या दिवशी तरी रुसले होते. दुसऱ्या दिवशी रील भरून गेलो तर उजवी बाजू डावीच्या बरोबरीनं चालली.

तेव्हा तुमच्या प्रश्नातला "कुठलं" बाजूला ठेवा, "किती सारखी" ते आधी ठरवा. काउंटर खरा आकडा दाखवतो की नाही याची मला फारशी फिकीर नाही. माझी सगळी रीलं १०० म्हणून ९५ सोडत असतील तरी चालेल. एक ९५ आणि दुसरं ८० सोडत असेल तर डोक्याला ताप. म्हणून एकाच कंपनीचं, एकाच मालिकेचं, एकाच आकाराचं रील चार नग, त्यावर एकाच खोक्यातला तंगूस, एकाच पातळीपर्यंत भरलेला. दोन आत्ता घेतो आणि दोन पुढच्या वर्षी, असं केलंत तर पुढच्या वर्षी ते मॉडेल बदललेलं असायचं. हा अनुभव घेऊन झालाय.

आकाराबद्दल. वॉलआयला प्लेनर बोर्डवर, म्हणजे दोरी बोटीपासून बाजूला नेणाऱ्या तरंगत्या फळीवर, चालवायचं तर २० नंबरचं रील पुरे. हिशोब करून बघा. लूर ते बोर्ड १०० फूट, बोर्ड बाजूला काढायला आणखी १०० फूट, मोठा मासा पळाला तर १०० फूट, आणि राखीव. २०० यार्ड १२ ते १४ पौंडी तंगुसात सगळं बसतं. डिप्सी डायव्हर (आमिषाला खोल नेणारी तबकडी) वापरायचा असेल, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मासे खोल गेले की वापरावा लागेलच, तर त्याला ३० नंबर बरा. त्यावर ३० पौंडी ब्रेड. ही ब्रेड जाडीला ८ पौंडी तंगुसाएवढीच असते, पाणी कापत जाते आणि ताणत नाही, त्यामुळे डिप्सीचा खटका दुरूनही सुटतो. वैताग एकच. उन्हाळ्यात इथल्या पाण्यात काटेरी शेपटीच्या पाणपिसवा असतात, त्या बारीक दोरीवर गोळ्यागोळ्यांनी चिकटतात आणि गोळा रॉडच्या टोकाच्या कडीत अडकतो. फारच झालं तर त्या महिन्यापुरता जाड तंगूस लावणारे लोक आहेत.

४५ नंबर कशासाठी, तर लेड कोअर आणि तांब्याच्या तारेसाठी. लेड कोअर म्हणजे पोटात शिशाची तार असलेली विणलेली दोरी, दर १० यार्डांना रंग बदलणारी. दहा रंग म्हणजे १०० यार्ड, आणि ती इतकी जाड की लहान स्पूलवर मावतच नाही. हे प्रामुख्यानं लेक मिशिगन आणि लेक ऑन्टारिओवरचं काम. मिशिगनच्या मत्स्य खात्यानं हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकारानं १९६६ साली कोहो आणि पुढच्याच वर्षी चिनूक सॅमन तिथे सोडले, माजलेल्या एलवाइफ माशांवर उतारा म्हणून. तेव्हापासून त्या बाजूची सगळी अवजारंच मोठी झाली. तो वीस-पंचवीस पौंडी चिनूक एका दमात शंभर-दीडशे यार्ड घेऊन पळतो, तिथे मोठं स्पूल आणि दमदार ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सोडत जाणारा रीलचा ब्रेक) पाहिजेच. पण तो प्रवास कराल तेव्हा कराल. पहिल्या एक-दोन वेळा तिथल्या चार्टर बोटीवर जा, त्यांचीच रीलं वापरा, मग ठरवा.

नंबरांवरून फसू नका मात्र. ओकुमाच्या कोल्ड वॉटर मालिकेत २०३, ३०३, ४५३ असे आकडे आहेत. दैवा सीलाइनमध्ये २७ आणि ४७ म्हणते. शिमानोचं टेकोटा ५००, ६००, ७००. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, ज्याची त्याची मोजपट्टी वेगळी. डब्यावर "इतक्या पौंडी तंगूस इतके यार्ड" असं छापलेलं असतं, तेवढंच वाचा.

कंपनीचं म्हणाल तर माझ्याकडे बरीच वर्षं दैवा सीलाइन आणि ओकुमा कोल्ड वॉटर दोन्ही आहेत, आणि दोन्हींनी काम चोख केलंय. शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपासचा हा वर्ग वॉलआयसाठी पुरून उरतो. दोनशेच्या वरचं टेकोटा हातात घेतलं की फरक लगेच जाणवतो, सगळं लोण्यासारखं फिरतं, पण त्या किमतीत एकाऐवजी जवळजवळ दोन येतात आणि तुम्हाला संख्या हवी आहे. पन्नास-साठ डॉलरवाली स्वस्त रीलंही वाईट नसतात, फक्त चारही एकसारखी निघतील याची खात्री कमी. घेतलीत तर टेपची परीक्षा जास्त कडक घ्या.

ही परीक्षा काय ते सविस्तर सांगतो, कारण रील निवडण्यापेक्षा इथे जास्त मासे मिळतात. आधी भरणं. तंगूस काठापासून तीन मिलीमीटर खाली येईपर्यंत भरा, ओल्या फडक्यातून चिमटीत घट्ट धरून. सैल भरलात तर वरून भरलेलं दिसतं, पण पहिल्याच माशाच्या ओढीनं दाबून बसतं आणि पातळी उतरते. ब्रेड भरताना खाली थोडा तंगूस लागतोच, नाहीतर उघड्या स्पूलवर ब्रेडचं अख्खं बिंडं गरगर फिरतं आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला. खाली तंगूस नेमका किती हवा हे कळायची युक्ती अशी. एकसारखी दोन रीलं आहेतच. पहिल्यावर आधी पूर्ण ब्रेड भरा, मग तिला जोडून तंगूस, काठापर्यंत. आता हे सगळं उलटं दुसऱ्या रीलवर घ्या, काउंटर शून्यावर ठेवून. तंगूस खाली गेला, ब्रेड वर आली, स्पूल नेमकं भरलं. मधली गाठ स्पूलवर गेली तेव्हा दुसऱ्या रीलचा काउंटर जो आकडा दाखवत होता तो लिहून ठेवा. पहिल्या रीलवर तेवढाच तंगूस भरा, वर ब्रेड. संध्याकाळचं काम आहे. आमच्याकडे हे दिवाणखान्यात चालतं आणि त्यावर घरात दोन मतं आहेत.

मग बाहेर जा. मोकळ्या पार्किंगमध्ये १०० फुटी टेप पसरा. तंगुसाचं टोक एका टोकाला खांबाला बांधा, रॉडचं टोक शून्यावर ठेवून काउंटर शून्य करा, क्लच सोडा म्हणजे स्पूल मोकळं होतं, अंगठा स्पूलवर हलका ठेवून मागे मागे चालत जा. तंगूस ताठ राहिला पाहिजे, झोळ नको. १०० फुटांवर थांबून काउंटर वाचा. मग परत गुंडाळत शून्यापर्यंत या आणि पुन्हा वाचा, तो शून्याच्या आसपास आला पाहिजे. एक-दोन फुटांचा फरक चालतो, येताना तंगूस जरा सैल गुंडाळला जातो त्यामुळे. सात-आठ दाखवत असेल तर आतलं चाक दाते सोडतंय, ते रील परत करा. चारही रीलांचे आकडे पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून रीलच्या बुडाला चिकटवा. माझ्या रीलांवर १०४, १०४, १०५, १०४ असं लिहिलेलं आहे, म्हणजे १०० फूट सुटले की काउंटर एवढे दाखवतो. तो १०५ वाला मी कायम बाहेरच्या बोर्डवर लावतो, उगीच, कारण काही नाही.

जुनं रील कोणाकडून घेत असाल तर हीच परीक्षा त्यांच्या अंगणात करायची लाज बाळगू नका. शिवाय ड्रॅग ढिला करून हातानं तंगूस ओढा. हँडल स्थिर असताना स्पूल फिरलं की काउंटरही फिरला पाहिजे. शून्य करायचं बटण दहा वेळा दाबा. एकदाही ९९९ वर किंवा दोन आकड्यांच्या मधे अडकलं तर पुढे बोलू नका.

काउंटरच्या जातीबद्दल. चाकांचा आणि डिजिटल असे दोन्ही मिळतात. मी चाकांचाच सांगेन. डिजिटलला बॅटरी लागते, आणि एप्रिलमधल्या एरीच्या थंडीत बॅटरी नेमकी पहाटे पाचला मान टाकते. डिजिटलमध्ये काहींना स्वतःच्या तंगुसाप्रमाणे हिशोब बसवून घेता येतो हा फायदा खरा, पण टेप आणि चिकटपट्टी असली तर त्याची गरज उरत नाही. चाकांच्या काउंटरची दुखणी दोन. एक म्हणजे काचेच्या आत वाफ धरते. माझ्या एका रीलची खिडकी दुसऱ्याच मोसमात अशी धुकटली की सकाळचे आठ वाजेपर्यंत त्यात काही दिसायचं नाही. यावर उपाय म्हणजे रील ओलं असताना बंद पेटीत कोंबायचं नाही, नळाची जोरदार धार मारायची नाही, घरी उघड्यावर वाळू द्यायचं. दुसरं म्हणजे आकडे बारीक. दुकानात दिव्याखाली सगळं वाचता येतं. तुम्ही रील हातभर लांब धरा, रॉड होल्डरमध्ये असतं तसं तिरकं, आणि बाहेर उन्हात नेऊन वाचा. चाळिशी लागली असेल तर चष्मा काढून वाचा, कारण बोटीवर पाऊस आणि फवाऱ्यात चष्मा खिशातच असतो.

ड्रॅगच्या ताकदीचे मोठमोठे आकडे डब्यावर असतात, वॉलआयला त्यांचं काही काम नाही. पाच-सात पौंडांचा मासा, तोही फार पळणारा नव्हे. पाहायचं ते हे की ड्रॅग सुटताना झटका देतो का. क्लच लावून तंगूस हळूहळू ओढत न्या. आधी अडून मग एकदम सुटत असेल तर ब्रेडवर गळ माशाच्या तोंडातून फाडून निघेल, कारण ब्रेड स्वतः ताणत नाही, सगळा धक्का ड्रॅगनंच सोसायचा असतो. आणि हो, मधल्या एरीत वॉलआय ट्रोल करताना अधूनमधून स्टीलहेड लागतो. तो पाण्याबाहेर उड्या मारत बोटीच्या पुढे जातो, तेव्हा गुळगुळीत ड्रॅगची किंमत कळते.

क्लिकर, म्हणजे दोरी सुटताना टकटक वाजणारी कळ, जोरात वाजणारा घ्या. हँडलची मूठ मोठी घ्या, हातमोज्यांत धरता येईल अशी. डावखुऱ्या हँडलचा प्रश्न लोक विचारत नाहीत, विचारायला हवा. कोल्ड वॉटर आणि टेकोटा डाव्या हाताचंही मिळतं. स्पिनिंग रीलवर शिकलेल्या माणसाला डावंच सोयीचं वाटतं. पण बोटीवर दोघं असाल आणि निम्मी रीलं डावी, निम्मी उजवी असतील तर मासा लागल्यावर जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. मेहुण्याला विचारून एकच काय ते ठरवा.

गिअर रेशो चार ते पाचाला एक असावा. जास्त वेगाचं नको. बोर्ड, लूर आणि मासा असं सगळं एकदम ओढायचं असतं, तिथे जोर लागतो, घाई नाही.

वापरताना एक शिस्त पाळा. शून्य कुठे करायचं ते कायमचं ठरवून टाका. मी लूर रॉडच्या टोकाखाली पाण्याला टेकला की शून्य करतो. कोणी लूर थेट टोकाला भिडवून शून्य करतात, तेही चालेल, पण बोटीवर दोन माणसं दोन पद्धतींनी करत असतील तर पाच-सहा फुटांचा घोळ सुरुवातीलाच झाला. बोर्ड लावताना काउंटर पुन्हा शून्य करू नका. समजा ९० वर बोर्ड अडकवला आणि मग तो बाजूला जाऊ दिला, काउंटर २०० दाखवतोय. मासा लागला की गुंडाळताना आकडा ९० च्या जवळ आला म्हणजे बोर्ड हाताशी आला, हे न बघताही कळतं. रात्री हे फार कामाला येतं. तंगूस सोडताना अंगठा स्पूलवर ठेवा किंवा क्लिकर लावून हळू जाऊ द्या. मोकळं सोडलंत की लूर पाण्यात पोचायच्या आत स्पूलवर पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता तयार.

आणखी एक बारीक गोष्ट. लूर वारंवार बदलला की दर वेळी फूट-दोन फूट तंगूस कापला जातो. एका रॉडवर मासे जास्त लागले तर त्याचाच जास्त कापला जातो, म्हणजे चांगलं चालणारं रीलच आधी बिघडतं. जुलैच्या सुरुवातीला एकदा चारही पुन्हा टेपवर घ्या.

एवढा खर्च आत्ताच नको असेल तर मधला मार्ग आहे. रॉडला अडकवायचा सुटा काउंटर मिळतो. त्यात तंगूस एका छोट्या चाकावरून जातो, त्यामुळे तो खरोखरच लांबी मोजतो, स्पूल भरलं आहे की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. फक्त दर वेळी अडकवा, काढा, आणि एक दिवस तो पाण्यात पडतो. ठरावीक अंतरावर रंग बदलणारी ब्रेडही मिळते. आणि अगदीच जुनी रीत म्हणजे लेव्हल-वाइंडच्या फेऱ्या मोजायच्या. तंगूस स्पूलवर सारखा पसरवणारी ती कडी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेली की ठरावीक फूट. एका फेरीला किती फूट ते टेपवर एकदा काढून घ्यायचं. पहिली सहा वर्षं मी असंच केलं आणि मासे खाल्ले. दोन गळांना जमतं, चार गळांना कोणीतरी मधेच "चहा देऊ का" विचारतं आणि आकडा विसरतो.

तेव्हा तुमची खरेदी माझ्या हिशोबानं अशी: २० नंबरची चार, एका कंपनीची, १२ पौंडी तंगूस भरून, बोर्डसाठी. पुढच्या जूनपर्यंत ३० नंबरची दोन, ब्रेड भरून, डिप्सीसाठी. रॉड आठ-साडेआठ फुटी मऊ वाकणारे, फायबरग्लासचे, फार महाग नकोत. ४५ नंबर दुकानातच राहू दे.

पोर्ट क्लिंटनमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्याला २० फूट लांबीचा फायबरग्लासचा वॉलआय क्रेननं खाली सोडतात, बायकामुलांना एकदा दाखवून आणा. त्यानंतरचे दोन-तीन थंडगार महिने रीलं भरायला आणि मोजायला उत्तम असतात, कारण दुसरं काही करण्यासारखं नसतं. दुकानातून निघताना १०० फुटी टेप तेवढी विसरू नका. कापडी नको, ओली झाली की ताणते. माझी पिवळी फायबरची आहे, १०० हून जरा लांब, पंधरा वर्षं झाली. तिचे पहिले तीन फूट कुत्र्यानं खाल्ले, म्हणून मी तीनापासून मोजायला सुरुवात करतो आणि १०३ वर थांबतो.